दोन लॅपटॉप आणि नामपूरची वही

आमच्या घरात पहिला लॅपटॉप आला तो माझ्या कामासाठी आला आणि माझ्या भावाचा झाला. हे मी इतक्या वेळा बोलून दाखवलंय की माझी मुलगी आता वाक्य संपायच्या आत खोलीतून उठून जाते. नवरा म्हणतो, एका लॅपटॉपचं किती मनाला लावून घेशील. लावून घेतलंय खरं. का घेतलंय ते एकदा सबंध लिहून काढावं, म्हणजे घरातल्यांना पुन्हा ऐकावं लागणार नाही, आणि मलाही नेहमीसारखं मधूनच सुरुवात करून मधूनच संतापून थांबावं लागणार नाही.

आम्ही पंचवटीत राहायचो, रामकुंडापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका तीन मजली इमारतीच्या तळमजल्यावर. तीन खोल्या. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. ते तीर्थोपाध्याय. बागलाण, चांदवड, येवला या बाजूची बरीच गावं आमच्या घराण्याकडे होती, म्हणजे तिकडून कोणी अस्थी घेऊन किंवा श्राद्धाला आलं की ते आप्पांकडे यायचे. आप्पा त्यांच्या गावाची वही उघडायचे आणि त्यांचे आजोबा-पणजोबा नाशिकला कधी आले होते, बरोबर कोण होतं, कोणाच्या अस्थी होत्या, ते वाचून दाखवायचे. मग त्याच नोंदीखाली, आलेल्या माणसाचं नाव, त्याच्या भावांची, मुलांची नावं लिहून घ्यायचे. शेतातून उठून आलेली रांगडी माणसं आपल्या पणज्याचं नाव कानावर पडलं की एकदम वहीवर वाकायची. लहानपणी मला ते बघायला फार आवडायचं. कडेला बसून मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत राहायचे.

घरातली सकाळ परातींच्या आवाजाने सुरू व्हायची. आई एका परातीत पिंडांसाठी सातूचं पीठ मळायची आणि दुसरीत आमच्या पोळ्यांची कणीक. एका परातीचा हात दुसरीला लागू नये म्हणून मध्ये पाण्याचा तांब्या. बाहेरून घंटा, भाविकांच्या बसचे हॉर्न, आणि गर्दीच्या दिवसांत हरवलेल्या माणसांची नावं पुकारणारा भोंगा. आप्पा दुपारी एकच्या सुमारास घरी यायचे, आणि पुष्कळदा यजमानांकडचं जेवणही बरोबर यायचं. उडदाचे वडे आणि खीर इतकी यायची, की आजही कुठे लग्नात खीर वाढली तर मला क्षणभर कोणाचं तरी तेरावं आहे असं वाटतं. आम्हाला कौतुक असायचं ते आईच्या साध्या आमटीचं आणि लसूण घालून परतलेल्या मेथीचं, आणि ते आप्पांच्या जेवणात लसूण चालायचा नाही म्हणून वेगळ्या कढईत व्हायचं.

जुन्या वह्या मोडी लिपीत होत्या. मोडीत अक्षरं एकमेकांत गुंतलेली असतात, शब्द सुटे नसतात, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ याचा पत्ता नाही. आप्पांचे डोळे तेव्हाच अधू झाले होते. मी दहा वर्षांची असताना ते मला शेजारी बसवून विचारायला लागले, हे 'स' आहे की 'म', बघ गं. दादाला, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी मोठा भाऊ श्रीरंग याला, त्यांनी आधी बसवून बघितलं होतं. तो चार दिवस बसला आणि पाचव्या दिवशी क्रिकेटला गेला. मी बसत राहिले. दहावीपर्यंत मी कुठलीही वही उघडून घडाघडा वाचू शकत होते, आणि आप्पा घाटावर निघण्याआधी, आज येवल्याचे लोक यायचेत, त्यांचं पान काढून ठेव, असं मला सांगू लागले होते. घाटावर मात्र मी जायचं नाही. तिथे गादीवर बसायचं ते पुरुषांनी. पान मी शोधायचं, खूण मी घालायची, आणि ते खूण घातलेलं पान आप्पा लोकांसमोर उघडणार. यात काही चुकतंय असं तेव्हा मलाही वाटलं नाही, याचा राग मला आज येतो.

मी एस. वाय.ला होते तेव्हा गोदेचं पाणी आमच्या खोल्यांत शिरलं. गुडघाभरच होतं, पण वह्यांचं कपाट जमिनीवर होतं आणि खालच्या फळीवर बागलाणातल्या नामपूरच्या आणि चांदवडच्या वह्या होत्या. पुढचे पंधरा दिवस आई आणि मी पानापानात वर्तमानपत्रं घालून पंख्याखाली त्या वाळवत होतो. काही पानांवरची शाई उतरून निळसर डाग झाले होते. आप्पा त्या डागांवरून बोट फिरवत बसायचे. मग मी दोनशेपानी वह्या आणल्या आणि जे वाचता येत होतं ते देवनागरीत उतरवायला लागले. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, हे कॉम्प्युटरवर कर, म्हणजे नाव टाकलं की क्षणात सापडेल. मी आप्पांना सांगितलं. घाटावर बसल्या बसल्या नाव सापडेल हे त्यांना पटलं. म्हणाले, "चौकशी कर. कुठला घ्यायचा ते बघ."

मी चौकशी केली. ती चौकशी मी जितकं मन लावून केली, तितकं मन लावून मी पुढे नवराही बघितला नाही. महिनाभर कॉलेज सुटलं की महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांतून फिरायचे. आम्हाला परवडणाऱ्यांत शेवटी दोन उरले, दोन्हींची किंमत जवळपास सारखी. एक करडा होता. अकरा इंची पडदा, वजन सव्वा किलो, दिसायला शाळेतल्या पाटीसारखा. संथ होता, चार गोष्टी एकदम उघडल्या की विचार करत बसायचा, आणि डीव्हीडी घालायची सोय नव्हती. पण बॅटरी सहा तास चालायची आणि पडद्याला चकाकी नव्हती. दुसरा काळा. मोठा पडदा, वेग चांगला, हार्ड डिस्क मोठी, डीव्हीडी चालणारा, वरून पियानोसारखा चकचकीत. वजन अडीच किलोच्या पुढे, आणि बॅटरी दुकानदाराच्याच सांगण्याप्रमाणे दोन तास. काळा वाईट होता असं मी म्हणणार नाही. टेबलावर ठेवून वापरायचा असता तर मीही तोच घेतला असता. पण माझं टेबल म्हणजे रामकुंडाचा घाट. तिथे प्लग नाही, डोक्यावर ऊन, आणि रोज खांद्यावरच्या पिशवीत दोन-तीन वह्यांबरोबर तो वाहून न्यायचा. मी दुकानातल्या मुलीला विनंती करून दोन्ही लॅपटॉप दाराशी उन्हात नेऊन बघितले. करड्यावरची अक्षरं फिकट, पण वाचता येत होती. काळ्यात मला माझाच चेहरा दिसला आणि मागून जाणारी रिक्षा. दोन्हींवर मराठी टाइप करून बघितलं. सगळं एका कागदावर लिहिलं आणि आप्पांना वाचून दाखवलं. ते "बरं" म्हणाले.

रविवारी आम्ही तिघं दुकानात गेलो. आप्पा, मी आणि दादा. दादा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता आणि त्याला त्या दिवशी येण्याचं काही कारण नव्हतं, पण आप्पा म्हणाले, त्याला त्यातलं कळतं, असू दे बरोबर. त्या दिवशी गल्ल्यावर मालक स्वतः होते. मी करडा लॅपटॉप मागितला. मालकांनी तो काढला, दादासमोर ठेवला आणि दादालाच विचारलं, "कॉलेजसाठी ना सर? मग हा छोटा कशाला घेता?"

"माझ्यासाठी आहे," मी म्हटलं.

"ताई, हे काय खेळण्यासारखं आहे. डोळे दुखतील तुमचे." मग पुन्हा दादाकडे वळून, "सर, त्याच पैशात हा बघा. सगळं चालतं यात."

दादाने काळा लॅपटॉप उघडला आणि त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं. नवीन बॅट हातात घेतली की तो तसा दिसायचा. म्हणाला, "अशू, हाच घेऊ. तुझ्या त्या नावांच्या यादीला कुठलाही चालेल. यात माझं प्रोजेक्टपण होईल."

"घाटावर याची बॅटरी टिकणार नाही. उन्हात दिसणारही नाही. मी बघून ठेवलंय."

"बॅटरीचं काय, घरून चार्ज करून न्यायचा."

मी पिशवीतून कागद काढला. वजन, बॅटरी, ऊन, किबोर्ड. वाचायला लागले. दुकानात आणखी तीन-चार गिऱ्हाइकं होती, ती बघायला लागली. मालक हसून म्हणाले, "ताईंनी तर पेपरच सेट करून आणलाय." दादाही हसला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला.

"श्रीरंग म्हणतो तो घेऊ," ते म्हणाले. "उद्या गादीवर तोच बसायचाय. त्याच्या हाताला बसेल असं पाहिजे. तू काय, दोन वर्षांत आपल्या घरी जाशील."

हे ते रागाने बोलले नाहीत, दुखवायला तर मुळीच नाही. उद्या एकादशी आहे, इतक्या सरळपणे बोलले. मी त्याच घरी राहत होते, त्याच घरातल्या वह्या वाळवत होते, आणि माझं घर मात्र अजून यायचं होतं. जो भाऊ मोडीतलं स्वतःचं नाव ओळखू शकला नसता, त्याच्या हाताला काय बसेल ते बघायचं होतं. आज मला विचाराल तर मी त्या मालकांना, दादाला आणि आप्पांना काय काय बोलायला हवं होतं ते न थांबता सांगू शकते, कारण गेली कित्येक वर्षं भाजी चिरताना मी तेच बोलत आलेय. त्या दिवशी मी फक्त काळ्या लॅपटॉपची पिशवी उचलली, कारण दादाने बाईकची चावी हातात घेतली होती. ती पिशवी जड होती. मी सांगितलं होतं तेवढीच जड.

काळा लॅपटॉप आप्पांनी एकदाच घाटावर नेला. तासाभरात बॅटरी संपली, आणि त्या तासाभरातही छत्रीखाली डोकं घालून, वर उपरणं धरून बघावं लागलं. शेजारच्या गादीवरचे उपाध्ये म्हणाले, "काय हो, फोटो काढताय का?" त्यानंतर तो घरातच राहिला. मी दुपारी त्यावर टाइप करायचे आणि संध्याकाळी दादा त्यावर सिनेमे बघायचा. आई म्हणायची, जाऊ दे गं, काम तर होतंय ना. होत होतं. सहा महिन्यांत नामपूरची एक वही पूर्ण झाली आणि चांदवडची निम्मी. मग दादाला पुण्याला नोकरी लागली आणि तो लॅपटॉप घेऊन गेला, कंपनीचा मिळेपर्यंत. जाताना मी त्याला चार वेळा सांगितलं की माझ्या फाइली पेन ड्राइव्हवर घालून पाठव. दीड महिन्याने त्याचा फोन आला, तो भलत्याच कामासाठी. मी फाइलींचं विचारलं.

"अरे, तो फार स्लो झाला होता. फॉरमॅट मारला मी," तो म्हणाला. "तुझ्याकडे कॉपी असेल ना?"

माझ्याकडे हाताने लिहिलेल्या दोनशेपानी वह्या होत्या, एवढंच. त्या होत्या म्हणून काम बुडालं नाही, पण सहा महिन्यांच्या दुपारी गेल्या. मी फोन ठेवला आणि आप्पांना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "त्याला काय माहीत." मी म्हटलं, "मी चार वेळा सांगितलं होतं." ते म्हणाले, "कामाच्या गडबडीत राहिलं असेल." आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिने त्या दिवशी जेवायला हाक मारली नाही. पहिल्यांदाच माझं ताट वाढून माझ्या खोलीत आणून ठेवलं आणि म्हणाली, "तू तुझं मशीन घे. तुझ्या कमाईचं. म्हणजे कोणाला न्यायला तोंड राहणार नाही."

त्या काळात एक वकील जुने मोडी कागद वाचून देणारं माणूस शोधत होते, जमिनींचे, वाटण्यांचे. मॅडमनी माझं नाव सुचवलं. वर्षभर मी शनिवार-रविवार त्यांच्या ऑफिसात बसून कागद वाचले आणि त्या कमाईतून त्याच दुकानात एकटी गेले. करडा बनणं तोवर बंद झालं होतं. काचेच्या कपाटात दाखवायला ठेवलेला एकच शिल्लक होता. मालक म्हणाले, "ताई, याची गॅरंटी देता येणार नाही." मी म्हटलं, द्या तसाच. तो सहा वर्षं चालला. आता माझ्या फोनमध्ये त्याच्या कितीतरी पट ताकद आहे आणि लोक म्हणतात, तेव्हा कुठलाही घेतला असतात तरी आज भंगारच झाला असता. ते खरं आहे. पण त्या रविवारी जो घेतला त्याने सहा महिने खाल्ले आणि जो घेतला नाही त्याने पुढे अठ्ठावीस वह्या पूर्ण केल्या.

मी वकिलांचे कागद वाचत होते त्याच वर्षी आप्पांच्या डोळ्यांचे पडदे खराब झाल्याचं निघालं. समोरचा माणूस दिसायचा, वहीतलं अक्षर दिसायचं नाही. दादा पुण्याहून सुट्टीला यायचा आणि सोमवारी जायचा. शेवटी, करड्यावर नामपूरची वही पुन्हा टाइप करून झाली तेव्हा, आप्पा एक दिवस चहा पिताना म्हणाले, "अश्विनी, उद्यापासून तू चल. मागे बसून नुसतं वाचून दे." 'मागे' आणि 'नुसतं' हे दोन शब्द त्यांनी जपून उच्चारले. मी करडा लॅपटॉप आणि दोन वह्या घेऊन छत्रीखाली त्यांच्या मागे बसायला लागले. शेजारच्या गाद्यांवरून टोमणे यायचे. आप्पा ऐकू न आल्यासारखं करायचे. येणाऱ्या यजमानांना मात्र ते रोज एक वाक्य सांगायचे, आणि ते माझ्या पाठीत रोज नव्याने टोचायचं. "आमच्या मुलाने सगळं कॉम्प्युटरवर घेतलंय. नाव सांगा फक्त."

महिनाभर मी ते ऐकलं. मग एका सकाळी नामपूरहून एक बाई आल्या, कौतिकबाई नावाच्या, पन्नाशीच्या, बरोबर दोन तरुण मुली. नवऱ्याच्या अस्थी आणल्या होत्या. एकही पुरुष बरोबर नव्हता; दीर यायचे होते, ते आले नाहीत. बाईंनी अहिराणीत विचारलं, "आमना घरनं नाव शे का तुमनाजोडे?"

"आहे ना," आप्पा म्हणाले. "आमच्या मुलाने सगळं कॉम्प्युटरवर..."

"मुलाने नाही," मी मागून म्हटलं. "मी केलंय."

मी आवाज चढवला नव्हता, पण शेजारच्या गादीवरचे उपाध्ये वळून बघायला लागले. आप्पांनी मान वळवली नाही. कौतिकबाईंनी वाकून माझ्याकडे बघितलं. "तुले वाचता येस का व माय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं, आडनाव टाकलं, आणि त्यांच्या नवऱ्याचे वडील, आजोबा, आजोबांचे दोन भाऊ वाचून दाखवले. पडद्यावरून वाचलं आणि मग मूळ वही उघडून ते पान त्यांच्या मुलींच्या हातात दिलं. थोरलीने त्यावर हात ठेवला आणि ती रडायला लागली.

विधी झाला. नाव लिहून घ्यायची वेळ आली. आप्पांनी मला सांगितलं, "लिही. कैलासवासी अमुक यांच्या अस्थी, पत्नी कौतिकबाई यांनी आणल्या. मुलगा नाही."

"आन मन्या पोरी?" कौतिकबाई म्हणाल्या. "ह्या दोन्ही शेतस ना. ज्योती आन मनीषा. त्यास्नं नाव लिखा."

"मुलींची नावं त्यांच्या सासरच्या वहीत येतात," आप्पा म्हणाले. "आमची पद्धत तशी आहे."

"सासर अजून नही त्यास्ले," बाई म्हणाल्या. "बापले शेवटलं पानी ह्यास्नीच पाजं. मंग कोठे लिखतस त्यास्नं नाव?"

आप्पांनी सवयीने मागे, माझ्या दिशेने मान वळवली, एखादं अक्षर अडलं की वळवायचे तशी. मी शाईचं पेन उघडलं. वडिलांच्या नावाखाली ज्योती लिहिलं, मनीषा लिहिलं, 'कन्या' असं पुढे लावलं. आमच्या प्रत्येक नोंदीच्या शेवटी लिहून घेणाऱ्या उपाध्यायाचं नाव असतं. पणजोबांचं असायचं, आजोबांचं, आप्पांचं. ते मी इतक्या वर्षांत हजारदा वाचलं होतं आणि आप्पांच्या वतीने गेला महिनाभर लिहिलंही होतं. त्या दिवशी मी माझं लिहिलं. अक्षर काही चांगलं आलं नाही.

आप्पांना ते दिसणं शक्य नव्हतं. मी गप्प राहिले असते तर त्यांना कळलंही नसतं. पण ते म्हणाले, "काय लिहिलंस, वाच."

मी वाचलं. गाव, नाव, अस्थी, पत्नी, दोन मुली. मग थांबले. आप्पा वाट बघत होते, नोंद पूर्ण झाली नव्हती हे त्यांना कळत होतं. मी म्हटलं, "लिहून घेणार, अश्विनी."

कुंडावर गर्दी होती, घंटा वाजत होत्या. कौतिकबाई मुलींची पादत्राणं शोधत होत्या. आप्पांनी समोर पाण्याकडे तोंड केलं. ते काही म्हणायच्या आत मी वही मिटायला घेतली.

"थांब," ते म्हणाले. "शाई वाळू दे."